पिवळं पान कुणाला दाखवावं?

कागदी लिंबाचं एक पिवळं पडलेलं पान तोडून उजेडात धरा. शिरा हिरव्यागार, मधली जागा पिवळी. आता आठवा, हे पान शेंड्याचं की खालचं जुनं? शेंड्याचं असेल तर बहुधा लोह कमी पडतंय. खालचं असेल तर संशय मॅग्नेशियमवर जातो. हे न विचारताच जो ‘एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला’ म्हणतो, त्याचा सल्ला मी तिथेच सोडून देते.

इंटरनेटवर बागकामाची चांगली माहिती भरपूर आहे. फक्त ती कुठल्या मातीतून आली, हे आधी शोधावं लागतं. पुण्यात गच्चीवरच्या माझ्या लिंबाला मी असंच कुठेतरी वाचून राख आणि अंड्यांची टरफलं घातली. झाड आणखी पिवळं पडलं, आणि मला फार वाईट वाटलं. सल्ला खोटा नव्हता, आम्ल मातीसाठी होता. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असते, सामू (pH) बऱ्याचदा ८ च्या आसपास. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि राखेनं सामू आणखी चढतो. कोकणातली जांभी माती मुळात आम्ल, तिथे तीच राख बेतानं घातली तर उपयोगी पडते. बोअरचं जड पाणी रोज घातलं तरी कुंडीत चुना साठत जातो, हेही सहसा कुणी सांगत नाही.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. चमचाभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. फसफस ऐकू आली तर चुना भरपूर आहे. नाही आली तर लगेच निश्चिंत होऊ नका, थोडा चुना व्हिनेगरला कळत नाही.

नेमकं उत्तर माती परीक्षणातच मिळतं. चार-पाच ठिकाणची माती एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना पाहा. अहवाल समजून घ्यायला कृषी विज्ञान केंद्रात जावं. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे केंद्रं आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशी तर त्या-त्या भागातल्या मातीवर आणि हवेवर तपासलेल्या असतात. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. कुंडी केवढी, पाणी कुठलं, खत कधी घातलं, एवढं आधी लिहून ठेवा. समोरचा माणूस उलट प्रश्न विचारू लागला की मला धीर येतो. शेजारच्या गच्चीवर लिंबू हिरवंगार असेल तर तिथल्या काकूंनाही जरूर विचारावं. माती आणि पाणी बहुतेक तुमच्यासारखंच असतं.

मिळालेला उपाय सगळ्या कुंड्यांना एकदम करू नये. लोह कमी असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायला सांगतात. दोन सारख्या कुंड्या घ्या, एकीलाच द्या, दुसरी तशीच ठेवा. जुनी पानं पाहू नका, ती फारशी सुधारत नाहीत. पुढची पालवी फुटेपर्यंत थांबा आणि दोन्ही कुंड्यांमधलं शेंड्याचं एकेक पान शेजारी-शेजारी उजेडात धरून पाहा.