ड्रायव्हर बदलायचा की ठेवायचा?

"आमचा ड्रायव्हर आता म्हातारा झालाय. बदलावा म्हणतो," असे मी पावसाळ्याच्या तोंडी एका संध्याकाळी सहज बोलून गेलो आणि बाकावरची सगळी मंडळी माझ्याकडे टकमक बघायलाच लागली. कासारवाडी स्टेशनाजवळ आमची सात-आठ निवृत्तांची बैठक रोज जमते. माझ्याकडे मोटार नाही, हे त्या सर्वांना ठाऊक. आहे ती एक जुनी स्कूटर, तीही सुरू करण्याआधी एका बाजूला वाकवावी लागते. मग हा ड्रायव्हर आला कुठून? एकाने काळजीच्या सुरात विचारले, "किती वर्षं होता हो तुमच्याकडे?"

"सत्तावीस."

"मग एकदम काढू नका बिचाऱ्याला. हातावर काहीतरी ठेवा."

खुलासा करणे भाग होते. हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, काठी आहे. गोल्फच्या खेळात पहिला, सर्वांत लांबचा फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. मीटरभराहून थोड्या जास्त लांबीचा दांडा आणि त्याच्या टोकाला धातूचे पोकळ डोके. खुलासा ऐकून मंडळींचा रस संपला. गोल्फ आणि कासारवाडी यांचा संबंध काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो.

मी १९७६ साली पिंपरीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो. पुढे परदेशी सहकार्याचे दिवस आले आणि १९९७ साली नव्या यंत्रांबरोबर एक जपानी साहेब आमच्याकडे वर्षभरासाठी आले. चाळिशीचे, बोलायला कमी, कामाला वाघ. रविवारी सकाळी त्यांना येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मोडके-तोडके इंग्रजी दोघांचेही सारखेच होते. मी बाहेर झाडाखाली बसून असे. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी मला आत बोलावले आणि माझ्या हातात काठी दिली. पहिल्या सहा फटक्यांत चेंडू जागचा हलला नाही, गवत मात्र निघाले. सातवा लागला. तो 'टण्ण' आवाज आणि निळ्या आभाळात बारीक होत गेलेला तो पांढरा ठिपका मला अजून दिसतो. १९९८ साली साहेब परत गेले तेव्हा विमानतळावर त्यांनी आपला ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला.

सभासदत्व वगैरे आमच्यासारख्यांचे काम नव्हे. पण कारखान्यातला एक जुना स्नेही सभासद आहे. त्याचा पाहुणा म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जायचे, असे चालत आले. हा खेळ फक्त बड्यांचा म्हणावा, तर कोलकात्याचा एसएसपी चौरासिया आठवतो. १८२९ साली सुरू झालेल्या रॉयल कलकत्ता क्लबात त्याचे वडील मैदानाची निगा राखत. त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकली. आपल्या पुण्याचा उदयन माने तर २०२१ साली टोकियोत ऑलिंपिक खेळून आला. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतली आणि याला ऐनवेळी बोलावणे आले.

आता मूळ दुखण्याकडे येतो. गेल्या दोन वर्षांत माझा चेंडू जवळ पडू लागला. पूर्वी दोनशे यार्डांवरच्या वळचणीपर्यंत जायचा, तो आता मध्येच कुठेतरी दम टाकतो. मुलाचे म्हणणे सरळ होते : "बाबा, सत्तावीस वर्षांची वस्तू आहे. टाकून द्या, नवीन घ्या." नव्या ड्रायव्हरची चौकशी केली तर चांगल्याची किंमत पन्नास हजारांच्या घरात. हा आकडा मी घरात सांगितला तेव्हा सौ. मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "अहो, कुकरची शिट्टी होईनाशी झाली की आपण कुकर टाकतो का? आधी रिंग बदलतो ना?"

यात मोठे तथ्य होते. आणि गंमत अशी की, गेली वीस-बावीस वर्षे माझे पोट याच प्रश्नावर चालले आहे. कारखाना सुटल्यावर मी भोसरीत कटरला आणि ड्रिलला धार लावून देण्याचा छोटा धंदा टाकला. येणारा प्रत्येक माणूस झिजलेले हत्यार टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "काका, धार लावू की टाकून देऊ?" याचे उत्तर वयावरून द्यायचे नसते. झीज मोजायची. कार्बाइडच्या कडेवर झिजेचा पट्टा सरासरी ०.३ मिलिमीटर झाला की हत्यार उतरवायचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हत्यार कालचे असो की तीन महिन्यांपूर्वीचे. भिंगाखाली जे दिसेल ते खरे.

वयाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. २००१ साली आमच्याकडे स्वेच्छानिवृत्तीची यादी लागली. त्या सुमारास या पट्ट्यात अशा याद्या अनेक दारांवर लागल्या. पंचेचाळिशीच्या पुढचे सगळे त्यात होते. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. नव्या यंत्रांवर सहा महिने शिकून मी काम करत होतो, आणि ते बरे चालले होते असे माझे मत होते. पण माझे काम कोणी मोजलेच नाही, जन्मतारखेचा रकाना तेवढा पाहिला. ज्या टेबलावर मी पंचवीस वर्षे दर हत्याराला भिंगाखाली धरत होतो, त्याच टेबलाशी बसून मी सही केली. राग आता राहिलेला नाही, पण 'जुने झाले, टाका' असे कोणी म्हटले की माझ्या कपाळावर आठी पडते, ती त्या दिवसापासून. मुलाला हे ठाऊक आहे, म्हणून त्याने पुढे वाद घातला नाही.

तर ठरले की ड्रायव्हरला रीतसर मोजायचे. त्यासाठी आधी नव्यात असे काय असते ते समजून घेतले, आणि धातूच्या माणसाला त्यात भलतीच मजा वाटली.

पूर्वी ड्रायव्हरचे डोके लाकडाचे असे. पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाचे लाकूड त्यासाठी उत्तम मानत. हे झाड म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे, जिच्या पानांच्या बिड्या वळतात तिचे, सख्खे भाऊबंद! १९७९ साली अमेरिकेत गॅरी अ‍ॅडम्स या गृहस्थाने टेलरमेड कंपनी काढून पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला आणला. लोक त्याला गमतीने 'पिट्सबर्गचे पर्सिमन' म्हणत, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. आपण 'जमशेदपूरचे सागवान' म्हणावे तसे. १९९१ साली कॅलवे कंपनीने मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर काढला आणि पहिल्या महायुद्धातल्या अजस्र जर्मन तोफेवरून त्याचे नाव ठेवले 'बिग बर्था'. विजापूरच्या मुलूख मैदानचे नाव विटीच्या दांडूला द्यावे, तसला प्रकार. १९९५ साली त्याच घराण्यात टायटॅनियमचे डोके आले.

टायटॅनियमच का? हिशेब अगदी साधा आहे. डोक्याचे वजन साधारण २०० ग्रॅमच ठेवावे लागते, नाहीतर काठी फिरत नाही. २०० ग्रॅम पोलाद म्हणजे फक्त पंचवीस-सव्वीस घनसेंटिमीटर धातू. तेवढ्याच वजनाच्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत पंचेचाळीस घनसेंटिमीटर मिळतो. म्हणजे वजन न वाढवता डोके फुगवता येते आणि वजन कडेला ढकलता येते. फ्लायव्हीलचे वजन परिघावर असते म्हणून ते सहजासहजी वेग बदलत नाही. तसेच असे डोके चेंडू मधोमध न लागताही फारसे वळत नाही. चुकलेला फटका थोडक्यात निभावतो. माझा ड्रायव्हर या पहिल्या टायटॅनियमच्या पिढीतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही.

डोकी फुगतच चालली, तेव्हा खेळाचे नियम करणाऱ्या संस्थांनी २००४ सालापासून ४६० घनसेंटिमीटरची मर्यादा घातली. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी असते, तिच्यापेक्षा जरासे कमी. चेंडूला ढकलणारा पत्रा किती 'उसळता' असावा यालाही बंधन आले. धडकेच्या वेगाच्या ८३ टक्क्यांवर उसळी मिळता कामा नये, असा त्याचा ढोबळ अर्थ. म्हणजे 'यंदाचा ड्रायव्हर वीस यार्ड लांब जातो' अशी जाहिरात दरवर्षी आली, तरी मधोमध बसलेल्या फटक्यात फार काही वाढायला नियमाने जागाच ठेवलेली नाही.

एका शनिवारी नाशिक फाट्याला मेट्रोत बसलो. तपासणीच्या ठिकाणी त्या काठीवरून पाच मिनिटे चर्चा झाली. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून येरवड्याला उतरलो. स्नेह्याने एका तरुण प्रशिक्षकाला बोलावून ठेवले होते. त्याच्याकडे रडारचे यंत्र होते. काठीचा वेग, चेंडूचा वेग, अंतर, सगळे पडद्यावर उमटते. त्याने तीन काठ्यांनी दहा-दहा फटके मारायला लावले. मी टूलरूममधल्या सवयीने वहीत तक्ता आखला.

माझ्या ड्रायव्हरने चांगल्या फटक्यांची सरासरी आली १५८ यार्ड. मग नवीन डोक्याचा, पण माझ्यासारखाच साडेनऊ अंशांच्या चढाचा आणि कडक दांड्याचा ड्रायव्हर दिला. सरासरी १६१. नवेपणाची कमाई तीन यार्ड! तिसरा ड्रायव्हरही नवीनच होता, पण त्याच्या तोंडाचा चढ बारा अंश आणि दांडा मऊ. सरासरी १७१.

"काका, काठीचा वेग ताशी १२५ किलोमीटर येतोय," प्रशिक्षक जपून म्हणाला. "तुमची ही काठी ज्यांची होती, त्यांचा बराच जास्त असणार."

साहेब चाळिशीचे होते, मी सत्तर. वेगवान माणसाला कमी चढ आणि कडक दांडा सोसतो. मंद हाताला चेंडू उचलून द्यायला जास्त चढ लागतो आणि दांडा वाकावा लागतो. म्हणजे मुख्य दोष काठीच्या वयात नव्हता, माझ्या वयात होता. हे वहीत लिहिताना बरे वाटले नाही, पण आकडा आकडाच असतो. मधोमध न लागलेल्या फटक्यांत मात्र नव्या दोन्ही काठ्यांनी जुनीला चांगलेच मागे टाकले. तेवढे नव्याच्या पदरात टाकायला हवे.

सौ.चा कुकरचा न्याय डोक्यात होताच. नुसता दांडा बदलला तर? चढ तोच राहील, पण पाच-सात हजारांत निम्मे काम होईल आणि साहेबांची आठवणही राहील. मुलगा म्हणाला, "करा मग." मी डोके कारखान्यात नेले आणि दांडा सोडवायच्या आधी आमचा नेहमीचा नियम आठवला. महागड्या कटरवर खर्च करण्यापूर्वी त्याला कुठे तडा तर नाही ना, हे आम्ही पाहून घेतो. खरे म्हणजे काही दिवस माझ्या कानाला खटकत होतेच. 'टण्ण'च्या जागी 'थप्प' असा आवाज येऊ लागला होता. वयामुळे कान गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तोंड स्वच्छ पुसले. लाल पेनिट्रंट फवारले आणि दहा मिनिटे चहा घेत थांबलो. ते द्रव केसाएवढ्या फटीतही शिरते. वरचा रंग पुसून काढला आणि पांढऱ्या डेव्हलपरचा हलका थर दिला. दुकानातली दोन्ही पोरे येऊन उभी राहिली. आधी काहीच दिसेना. मग तोंडाच्या वरच्या कडेला, चेंडू लागतो त्या जागेच्या जरा टाचेकडे, पांढऱ्यावर एक लाल रेघ हळूहळू उमटली. दोन सेंटिमीटरच्या आसपास, कडेकडे वळत गेलेली.

"काका, गेली ना ही?" एका पोराने विचारले.

ही थकव्याची रेघ. हजारो धडका खाऊन पातळ पत्रा एका जागी दमतो आणि तिथून तडा चालू लागतो. प्रत्येक धडक अर्ध्या सहस्रांश सेकंदाची, पण तडा मागे फिरत नाही, पुढेच जातो. टायटॅनियमला आर्गॉनखाली टाके घालणारे लोक भोसरीत आहेत. पण तीन-साडेतीन मिलिमीटरच्या त्या तोंडावर डाग दिला तर आजूबाजूचा धातू बदलणार आणि उद्या शेजारून फुटणार. डोक्याचा तुकडा उडून कोणाला लागला तर? दुसऱ्या कोणी हे हत्यार माझ्या टेबलावर ठेवले असते, तर मी एका मिनिटात लाल खडूने फुली मारून बाजूला सारले असते. इथे मला दुपारपर्यंत वेळ लागला. पण फुली मारली.

पन्नास हजारांचा घेतला नाही. त्याच प्रशिक्षकाच्या ओळखीने चार वर्षांचा वापरलेला, बारा अंशांचा, मऊ दांड्याचा मिळाला. चौदा हजार पडले. घेण्याआधी दुकानात नेऊन त्याच्यावरही लाल फवारा मारला. विकणारा जरा चमकला, पण काही बोलला नाही. रेघ आली नाही. पहिल्या दिवशी त्याने मारलेले फटके बहुतेक डावीकडे गेले. अजून हाताला बसलेला नाही, आवाजही परका वाटतो. प्रशिक्षकाच्या मते दोन महिने लागतील.

जुन्याचे डोके मुलाने भंगाराच्या डब्यात टाकले होते. टायटॅनियमला वेगळा भाव मिळतो, म्हणून त्याने ते पोलादापासून निराळे ठेवले होते, यात त्याची चूक काही नाही. मी ते काढून घेतले आणि मोजमापाची साधने ठेवतो त्या खणात ठेवले. तोंडावरचा पांढरा थर पुसलेला नाही. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला तडा कसा दिसतो ते त्यावरच दाखवतो.