बोटांनी वाचणारा वर्ग

भूमितीचा तास चालू आहे. फळ्यावर समद्विभुज त्रिकोण काढलेला आहे. शिक्षक छडीचे टोक फळ्यावर टेकवून सांगतात, "हा कोन या कोनाएवढा आहे." वर्गातील सारी मुले माना डोलावतात. पहिल्या बाकावरील एक विद्यार्थी मात्र स्तब्ध राहतो. त्याची बुद्धी इतरांहून उणी नाही; त्याला दिसत नाही एवढेच. 'हा' आणि 'या' या दोन शब्दांचा अर्थ छडीच्या टोकापाशी राहिला, त्याच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही. शिक्षकांनी "कोन अ ब क हा कोन अ क ब एवढा आहे" असे म्हटले असते, तर एक पैचाही खर्च न होता अर्धी अडचण दूर झाली असती.

असा विद्यार्थी केवळ अंधशाळेतच भेटेल असे आता समजता येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यानुसार, 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास, त्याच्या इच्छेप्रमाणे जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क आहे. म्हणून विशेष शिक्षकाजवळची साधने आणि त्यामागील तत्त्वे सर्वच शिक्षकांस परिचित असणे अगत्याचे झाले आहे.

सहा टिंबांची लिपी

या साधनांत अग्रस्थान ब्रेल लिपीचे आहे. तिचा जनक लुई ब्रेल हा फ्रान्समधील कूव्रे या गावी 4 जानेवारी 1809 रोजी जन्मला. त्याचे वडील घोड्यांची खोगिरे व चामडी साज बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असता आरीचे टोक त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. 1819 साली तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे मोठी व उठावदार छापलेली असत. ती चाचपून ओळखण्यास फार वेळ लागे, आणि तशी अक्षरे स्वतः लिहिणे तर विद्यार्थ्यांस शक्यच नव्हते.

त्या सुमारास शार्ल बार्बिये या माजी सेनाधिकाऱ्याने कागदावर टोचलेल्या टिंबांची एक पद्धती शाळेपुढे मांडली. तीत बारा टिंबांपर्यंतच्या आकृत्या होत्या. लुईने तिच्यातील दोन दोष हेरले. एक तर एवढी मोठी आकृती बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नसे. दुसरे असे की, ती केवळ ध्वनी दर्शवी. शब्दाचे शुद्धलेखन तिच्यात उमटत नसे. पंधरा वर्षांच्या या मुलाने 1824 साली टिंबांची संख्या सहावर आणली व प्रत्येक अक्षरास स्वतंत्र चिन्ह दिले. 1829 साली ही लिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु ज्या शाळेत ती जन्मली त्या शाळेने तिचा अधिकृत स्वीकार करण्यास 1854 साल उजाडावे लागले. लुई ब्रेल त्यापूर्वी दोन वर्षे, 1852 साली, निवर्तला होता.

सहाच टिंबे का, याचे उत्तर आपल्या त्वचेत आहे. बोटाच्या टोकास सुमारे दोन मिलिमीटर अंतरावरील दोन बिंदू वेगळे जाणवतात. त्याहून जवळचे बिंदू एकच वाटू लागतात. ब्रेलमधील टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटरांचे अंतर असते व टिंबांची उंची अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असते. प्रत्येक टिंब असेल किंवा नसेल, म्हणजे दोन शक्यता. सहा टिंबांच्या मिळून 64 होतात. त्यांतील एक कोरी जागा वगळली तर 63 चिन्हे हाती राहतात.

भारतीय भाषांसाठी पूर्वी निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचारात होत्या. 1951 साली 'भारती ब्रेल' ही समान लिपी स्वीकारण्यात आली. त्यामुळे मराठीतील 'क', तमिळमधील 'क' आणि बंगालीतील 'क' यांना एकच चिन्ह लाभले. डोळसांच्या लिपी वेगवेगळ्या राहिल्या. बोटांची लिपी मात्र एक झाली. तीत चिन्हे उच्चारक्रमाने एकापुढे एक येतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येत नाही. प्रथम 'क' व नंतर 'इ' येतो.

पाटीआधीची तयारी

ब्रेल चौकटीतील डाव्या उभ्या रांगेतील टिंबांस वरून खाली 1, 2, 3 व उजव्या रांगेतील टिंबांस 4, 5, 6 असे क्रमांक आहेत. लहान मुलाच्या हाती एकदम बारीक टिंबे देऊ नयेत. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधून तीन ओळींचा, दोन रांगांचा, सहा खळग्यांचा तुकडा कापावा व त्यात गोट्या ठेवून अक्षरे बनवावी. पहिल्या व तिसऱ्या खळग्यात गोटी ठेवली की 'क' झाला. त्यात चौथी मिळवली की 'म' झाला. पहिले तिन्ही खळगे भरले की 'ल' झाला. तीन तुकडे शेजारी मांडले की 'कमल' हा शब्द तयार! वर्गातील डोळस मुलेही या खेळात आनंदाने सामील होतात, आणि त्यांना आपल्या सोबत्याची लिपी सहज अवगत होते.

ब्रेल पाटीवर टोचणीने लिहिताना मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडते. टोचा कागदाच्या मागून द्यावयाचा असल्याने उठाव पलीकडच्या बाजूस येतो. म्हणून लेखन उजवीकडून डावीकडे करावे लागते आणि त्या वेळी 1, 2, 3 ही टिंबे उजव्या हाताला येतात. मुलाला टिंबांची जागा 'डावी-उजवी' अशी न शिकवता 'आधीची रांग, नंतरची रांग' अशी शिकवली, तर वाचन व लेखन यांत त्याचा गोंधळ होत नाही.

गणिताची चौकट व मणी

हातचे घेऊन बेरीज करण्यास अंक एकाखाली एक दिसावे लागतात. ही सोय टेलर चौकट करते. तिच्या पाटीवर अष्टकोनी छिद्रांच्या रांगा असतात आणि त्यांत धातूचे लहान खिळे बसतात. खिळ्याच्या एका टोकास कडेवर एक पट्टी व दुसऱ्या टोकास दोन बारीक टोके असतात. खिळा छिद्रात आठ दिशांनी बसवता येतो. दोन टोकांची मिळून सोळा चिन्हे होतात. दहा अंकांसाठी, आणि बेरीज-वजाबाकी आदी क्रियाचिन्हांसाठी, ती पुरेशी आहेत.

दुसरे साधन म्हणजे मणिचौकट. जपानी मणिचौकटीवरून टिम क्रॅनमर या अमेरिकन अंध गृहस्थाने 1960 नंतरच्या दशकारंभी तिचे खास रूप सिद्ध केले. साध्या चौकटीतील मणी बोट लागताच घरंगळतात आणि मांडलेली संख्या पुसली जाते. क्रॅनमरच्या चौकटीत मण्यांखाली मऊ अस्तर असल्याने मणी ठेवला तेथेच राहतो. युक्ती अल्प, परंतु तिने गणित सुटे केले.

आकृती आणि प्रयोग

आकृत्यांसाठी रबराच्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरून टोकदार लेखणीने रेघ ओढली, की रेघ तत्काळ उठून येते. ते न मिळाल्यास पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवावी. मात्र डोळ्यांसाठी काढलेली आकृती तशीच्या तशी उठावदार करणे ही चूक होय. डोळा समग्र चित्र एकदम पाहतो. बोट एकेक रेघ चाचपीत चित्र जोडते. म्हणून अनावश्यक रेषा गाळाव्या, समुद्राला एक पोत व जमिनीला दुसरा द्यावा, आणि शक्य तेथे प्रत्यक्ष वस्तूच हाती द्यावी.

रसायनशाळाही या विद्यार्थ्यास बंद नाही. पाच मिलिलिटर द्रव मोजण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिचकारीच्या दांड्यावर योग्य जागी खाच पाडावी. खाच बोटास लागली की माप पुरे झाले. द्रवाचा रंग बदलला हे कसे कळावे? प्रकाशसंवेदकावर पडणारा प्रकाश कमी-अधिक झाला की स्वर उंच वा खाली जाईल, असे उपकरण बनवता येते. मग रंगाचा पालट कानाने ऐकू येतो.

बोलणारी यंत्रे

संगणक व मोबाइल यांनी या वर्गात फार मोठे परिवर्तन घडवले आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीस पडदावाचक म्हणतात. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 2006 साली 'एनव्हीडीए' या विनामूल्य पडदावाचकाचा आरंभ केला. अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'टॉकबॅक' ही तशीच सोय असते. 2016 साली भारतात 'सुगम्य पुस्तकालय' हे दृष्टिबाधितांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची मुभा देणाऱ्या 2013 च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होय. ती मान्यता 2014 साली देण्यात आली.

येथे शिक्षकाने एक दक्षता घ्यावी. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली मराठी डोळ्यास शुद्ध दिसते, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रास असते. पानाचे नुसते छायाचित्र पाठवले, तर पडदावाचकाला ते जसेच्या तसे वाचता येत नाही. त्यातील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टंकली, तर विद्यार्थी ती स्वतः ऐकू शकतो.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे

यंत्र बोलू लागले, तेव्हा ब्रेलचे काम संपले असे काहींस वाटू लागले. हा प्रश्न गंभीर आहे, कारण त्यावर एका मुलाची साक्षरता अवलंबून आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. मराठी बोलण्यात या दोहोंतील भेद बहुधा ऐकू येत नाही. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, यांचेही तसेच. केवळ ऐकून शिकलेल्या मुलास शब्द ठाऊक असतो, पण शब्दाचे रूप ठाऊक नसते. ब्रेलमध्ये ह्रस्व 'इ' ची टिंबे 2 व 4, तर दीर्घ 'ई' ची 3 व 5. बोट तो भेद चुकत नाही. बार्बियेच्या ध्वनिचिन्हांतील जी उणीव लुई ब्रेलने दोनशे वर्षांपूर्वी भरून काढली, तीच नव्या रूपाने पुन्हा शिरू पाहत आहे.

सुदैवाने यंत्रानेच यावर तोडगाही दिला आहे. विद्युद्दाबाने किंचित वाकणाऱ्या विशिष्ट पदार्थाच्या पट्ट्या बारीक खुंट्यांना वर ढकलतात व संगणकावरील ओळ बोटाखाली ब्रेलमध्ये उमटते. ओळ वाचून झाली की खुंट्या खाली बसून नवी ओळ येते. असे यंत्र प्रत्येक शाळेस परवडत नाही. परंतु पाटी, टोचणी व जाड कागद यांचा खर्च अल्प आहे, आणि सहा खळग्यांचा पुठ्ठा तर फुकटच मिळतो.

यावरून साधनांचा क्रम कसा लावावा हे स्पष्ट होते. मोठे ग्रंथ व वृत्तपत्रे कानाने वाचावी; शब्द, सूत्र व स्वतःचे लेखन बोटांखाली असावे. आणि या सर्वांच्या आधी शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर मोठ्याने उच्चारावे. ज्या वर्गात 'हा' आणि 'या' यांऐवजी कोनाचे नाव घेतले जाते, तेथे पहिल्या बाकावरील विद्यार्थीही इतरांबरोबर मान डोलावतो. आणि पुढच्या प्रमेयाला फळ्यासमोर जाऊन सिद्धता सांगण्याची पाळी त्याची असू शकते.