चुकलेली रेघ तशीच राहू द्या

हे वाचताना हाताशी चहाचा कप असेल, तर एक काम करा. जवळचा कुठलाही कागद घ्या, बिलाचं पाठकोरं पाकीट असलं तरी चालेल, आणि समोरचा कप पेनने काढा. दोन-तीन मिनिटं पुरेत. मग पुढे वाचा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पेन उचललंच नसेल. "छे हो, मला कुठे चित्रकला येते!" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं तयार असतं, की ते म्हणताना वाईटही वाटत नाही. ज्यांनी कप काढला, त्यांच्या कपाबद्दल मी न बघता अंदाज करतो. कपाचं तोंड हवं त्यापेक्षा जास्त गोल झालं असेल आणि बूड पट्टीने आखावं तसं सरळ आलं असेल.

हे ओळखायला ज्योतिष लागत नाही. कपाचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं. पण खुर्चीत बसून टेबलावरच्या कपाकडे बघताना डोळ्याला दिसतो तो चपटा लंबगोल. बूड टेबलावर सपाट टेकलेलं आहे हेही माहीत असतं, म्हणून हात तिथे सरळ रेघ मारून मोकळा होतो. नीट बघितलं तर बुडाची कडाही वाकलेली दिसते, उलट तोंडापेक्षा थोडी जास्तच, कारण ती डोळ्यापासून आणखी खाली असते. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली नेमकं हेच मोजलं. तिरप्या ठेवलेल्या गोल चकत्या त्याने लोकांना दाखवल्या आणि जसा दिसतो तसा आकार निवडायला सांगितला. लोकांनी निवडलेले लंबगोल खऱ्या दिसण्यापेक्षा जास्त गोल होते. आपलं माहीत असणं आपल्या दिसण्यावर दादागिरी करतं, असं म्हणा ना.

पुढे १९९७ मध्ये कोहेन आणि बेनेट या दोन संशोधकांनी थेट प्रश्न विचारला, की बहुतेक माणसांना समोर दिसतं ते कागदावर का उतरवता येत नाही? हात वळत नाही म्हणून? त्यांना आढळलं, की हाताचा वाटा फार लहान असतो. मुख्य गफलत समोरची वस्तू पाहण्यातच होते.

हे मी इतकं सविस्तर सांगतो आहे, कारण आपण स्वतःला शिव्या घालतो त्या नेमक्या चुकीच्या पत्त्यावर जातात. "माझ्या हातात कलाच नाही" म्हणून आपण हाताला फाशी देतो. गुन्हा त्याचा नसतोच. जो हात मराठीतला 'क्ष' आणि 'ज्ञ' काढू शकतो, त्याला कपाची कडा काढणं जड नाही. डोळ्याला सवय लावावी लागते, आणि ती सवय चुकीच्या रेघा मारल्याशिवाय लागत नाही.

मग आपण त्या मारायला इतके का घाबरतो?

माझ्या वयाच्या वाचकांना शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा आठवत असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि शेवटी ए, बी किंवा सी अशी श्रेणी. परीक्षा वाईट नव्हत्या. खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात ब्रश आणि रंग आले ते पुष्कळदा त्यांच्यामुळेच. पण बाराव्या-तेराव्या वर्षी मिळालेला 'सी' माणूस सत्तरीपर्यंत उराशी धरून बसतो, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. अशा निकालांचं काय घेऊन बसलात? आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता.

आपल्या बाबतीत मात्र शाळेपेक्षा मोठं कारण पुढचं आहे, आणि त्याबद्दल आपण फार बोलत नाही. आपण या देशात आलो, ते चूक करायची मुभा नसलेली माणसं म्हणून. व्हिसाचा अर्ज चुकला तर सगळंच चुकलं. प्रेझेंटेशनमध्ये एक शब्द अडखळला, तर तो अडखळणं न राहता 'अ‍ॅक्सेंट' होतो. परक्या मुलखात आपली चूक दोनदा मोजली जाते, हे ओळखून आपण तीस-चाळीस वर्षं दोनदा तपासलं, तीनदा तपासलं, मगच पुढे सरकवलं. त्यावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्या सवयीला मी नावं ठेवणार नाही. पण रिटायर झाल्यावर हातात पेन्सिल घेतली, की तीच सवय मनगटावर येऊन बसते.

आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत शनिवारी सकाळी आम्ही सात-आठ जण चित्रं काढायला जमतो. शिकवणारं कुणी नाही. त्यात भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. पहिले काही शनिवार त्या काढलेला कागद चार घड्या घालून पर्समध्ये टाकत आणि घरी नेऊन फाडत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सर, ऑपरेशन थिएटरमध्ये 'बघू या, चुकलं तर चुकलं' असं म्हणता येत नाही. माझा हात तसा घडलेलाच नाही." यावर काय बोलणार? त्यांचं खरं होतं.

त्यांना उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. चित्र झाल्यावर ते वाईट झालं असं म्हणायचं नाही. त्याच्या शेजारी, त्याच कागदावर, समोरच्या वस्तूत आणि चित्रात काय फरक दिसतो तो लिहायचा. 'कपाचा कान अर्धा इंच वर हवा.' 'बशी उजवीकडे जास्त पसरली.' दोन-तीन वेळा लिहिल्यावर त्या हसून म्हणाल्या, "अहो, हे तर केसपेपरवर लिहितो तसंच झालं." खरंच तसंच आहे. डॉक्टर केसपेपरवर 'पेशंट बेकार आहे' असं लिहीत नाही. ब्लडप्रेशर इतकं, नाडी इतकी, असं लिहितो. 'माझं चित्र भिकार आहे' या वाक्यातून पुढच्या रेघेला काही कळत नाही. 'कान अर्धा इंच वर' यातून कळतं.

म्हणूनच 'चुका साजऱ्या करा' छापाचा जो उपदेश हल्ली सगळीकडे ऐकू येतो, तो मला पटत नाही. चुकीत साजरं करण्यासारखं काही नाही. ती बघण्यासारखी मात्र असते, आणि बघायची तर ती कागदावर राहायला हवी.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून हा मुद्दा माझ्या भाषेत सांगतो. दहाचं वर्गमूळ काढायचं आहे. अंदाज करा: ३. चूक आहे, कारण तीन त्रिक नऊ. आता १० ला ३ ने भागा, ३.३३३३ येतात. ३ आणि ३.३३३३ यांची सरासरी ३.१६६७. हेही चूक, पण कमी. त्याच रीतीने आणखी एकदा केलं की ३.१६२३, आणि चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर बरोबर. हजारो वर्षांची जुनी रीत आहे ही. यात पहिला ३ लाजेने खोडून टाकला, तर दुसरी पायरी कशाच्या जोरावर करणार? चित्रात पहिली रेघ म्हणजे तो ३ आहे. ती हलक्या हाताने मारा, तिच्याकडे बघा, आणि ती तशीच ठेवून शेजारी दुसरी मारा. आधी खोडली तर दुसरी रेघ पुष्कळदा पुन्हा त्याच चुकीच्या जागी येते, कारण ती कुठून सरकवायची ही खूणच नाहीशी झालेली असते.

मोठ्या चित्रकारांच्या वह्या बघितल्या, की धीर येतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लिओनार्दोचं एक छोटं रेखाटन आहे. मेरी, बाळ येशू आणि बाळाने कवटाळलेलं मांजर. मेरीचं डोकं एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला, रेघांवर रेघा, नुसता गुंता. त्या गुंत्यातून हवं ते दिसल्यावर त्याने कागद उलटवला आणि मागच्या बाजूला ती रचना गिरवून घेतली. त्याने काही खोडलेलं नाही. रंगचित्रांतही, वरचा थर कालांतराने पारदर्शक झाला, की खालचा बदललेला हात किंवा सरकवलेलं डोकं दिसू लागतं. त्याला इटालियन भाषेत 'पेंतिमेंतो' म्हणतात. शब्दाचा अर्थ पश्चात्ताप. लोक तो पश्चात्ताप बघायला तिकीट काढून जातात!

आणि आपले रवींद्रनाथ. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी त्यांच्या डोळ्यांना खुपत, म्हणून ते त्या खाडाखोडींना रेघांनी जोडत जात. त्यातून चोची, पंख, चित्रविचित्र प्राणी उमटू लागले. 'पूरबी'च्या हस्तलिखितात ते दिसतात. साठी उलटून गेल्यावर हा माणूस चित्रकार झाला. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं, आणि मागे दोन हजारांहून जास्त चित्रं राहिली. रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच. "आता या वयात कशाला?" म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

आता इथेच जन्मलेल्या, वाढलेल्या वाचकांशी थोडं बोलतो. तुम्ही आयपॅडवर चित्रं काढता. दोन बोटं टेकवली की रेघ गायब. सोय मोठी आहे, पण शिकताना ती दुधारी आहे, कारण चूक नाहीशी होते आणि तिच्याबरोबर ती सुधारल्याचा पुरावाही. महिन्यातून एखादी वही बॉलपेनने भरून बघा. आणि तुमच्या घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असेल, तर जरा जपून. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. साधारण नऊ ते बारा या वयात मुलाला आपलं चित्र 'खऱ्यासारखं' हवं असतं, आणि ते तसं येत नाही हेही त्याला कळू लागतं. चित्रं काढणं बरीच मुलं इथेच थांबवतात, ती कायमची. त्या वयात आजोबांनी प्रेमाने म्हटलेलं "अरे, हत्तीची सोंड अशी असते का?" हे वाक्य किती आत जातं, याचा आजोबांना पत्ता नसतो. आई-बाबांचं "ए मायनस का?" तर तोंडपाठच असतं. त्याऐवजी "हा हत्ती कुठे निघालाय?" असं विचारा. आणि मुलाने बोळा करून फेकलेला कागद उचलून उगाच "किती छान!" म्हणू नका. मुलांना खोटं लगेच कळतं.

आणखी एक व्यायाम सांगतो. बेटी एडवर्ड्स यांचं चित्रकलेवरचं पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि जगभर खपलं. मेंदूचा डावा भाग असा आणि उजवा तसा, ही त्यातली मांडणी आता शास्त्रज्ञ त्या ढोबळ रूपात मानत नाहीत. पण त्यातला एक व्यायाम अस्सल आहे. त्यांनी पिकासोने काढलेलं स्त्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवून बघून काढायला सांगितलं. आपण लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेऊ. त्याला डोकं खाली, पाय वर असा ठेवा आणि दिसेल तशी रेघ न् रेघ उतरवा. उलट्या चित्रात नाक हे नाक राहत नाही, चष्मा चष्मा राहत नाही. म्हणून 'मला नाक येत नाही' म्हणणारा आवाजही गोंधळून गप्प बसतो. झाल्यावर कागद सुलटा करा. बहुतेकांना आपण हे काढलं यावर विश्वास बसत नाही.

रांगोळी घालणाऱ्या बायकांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. ठिपका चुकला तर बोटाने सारायचा, पुन्हा टाकायचा. थरथरत्या हाताची आजी आणि पाच वर्षांची नात एकाच अंगणात बसतात आणि कुणी कुणाला श्रेणी देत नाही. इथे आपल्याला अंगण नाही, गराजसमोरचा ड्राइव्हवे आहे, एवढाच फरक.

आमच्या भूलतज्ज्ञ बाईंची वही आता निम्म्याहून जास्त भरली आहे. तिच्यात कपच कप आहेत, प्रत्येकाखाली तारीख आणि बारीक अक्षरात नोंदी. सुरुवातीच्या कपांची बुडं सरळ आहेत. पुढे कुठेतरी ती वाकू लागतात, पण नेमकं कुठल्या तारखेला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

या दिवाळीत फराळाचं ताट आलं की त्यातली एक चकली बाजूला काढा. घरातलं एखादं मूल समोर बसवा, दोघांना एकेक पेन द्या. नजर चकलीच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायची, हात त्याच चालीने चालू ठेवायचा, आणि वेटोळं संपेपर्यंत कागदाकडे बघायचं नाही. अमेरिकेतले नावाजलेले शिक्षक किमॉन निकोलाइडीस यांच्या १९४१ च्या पुस्तकात सुरुवातीचा धडा याच जातीचा आहे, चकली सोडून. दोघांचे कागद शेजारी ठेवून बघा आणि खाली तारीख घाला. चकली नंतर अर्धी-अर्धी खा.