मोत्या का जेवत नव्हता?

आमच्या घरी मोत्या नावाचा एक कुत्रा आहे. जातीने गावठी, रंगाने तांबूस, वजन १२ किलोग्रॅम. २०२१ च्या पावसाळ्यात पिल्लू असताना तो ओसरीवर आसऱ्याला आला आणि घरचाच झाला. पुढे दीड वर्षाचा झाल्यावर त्याला एक खोड लागली. वाडगे भरून समोर ठेवले की हा ते नुसते हुंगे आणि मान फिरवून बसे. मग कोणी त्यावर दूध ओती, कोणी तूप घाली, कोणी अंडे कुस्करी. मनात आले तर खाई, नाहीतर नाही.

घरात याची निरनिराळी कारणे सांगितली जात. शेजारी म्हणत, “कुत्रा म्हणजे मांसाहारी प्राणी, तो भात-पोळी कशाला खाईल?” माझी आई म्हणे, “त्याला रोज तेच खाऊन कंटाळा आलाय.” मी मात्र “नखरे, दुसरे काय!” असे म्हणून मोकळा होई. विद्यार्थी मित्रांनो, तिन्ही उत्तरे आम्ही कसलीही मोजणी न करता दिली होती. वर्गात मी मुलांना ‘आधी मोजा, मग बोला’ असे बजावतो, आणि घरी मात्र नेमके उलटे करत होतो. ही चूक माझ्या आठवीतल्या मुलीने दाखवून दिली. तिने स्वयंपाकघरात एक वही टांगली आणि सर्वांना नियम घातला : मोत्याला जे काही द्याल, ते वहीत लिहा.

वहीने काय सांगितले?

आठवड्याअखेरीस आम्ही वही उघडली. वाडग्यातले अन्न बहुतेक दिवशी तसेच राहिले होते. पण बाकीचा हिशेब पाहा. सरासरी एका दिवसात मोत्याच्या पोटात गेले ते असे : चहाच्या वेळी ९ ग्लुकोज बिस्किटे, म्हणजे सुमारे १८० किलोकॅलरी, जेवताना पानातल्या तुकड्यांच्या रूपाने २ पोळ्या, सुमारे २२० किलोकॅलरी, एक कप दूध, सुमारे १०० किलोकॅलरी, आणि संध्याकाळी मूठभर शेव, सुमारे ११० किलोकॅलरी. एकूण ६१० किलोकॅलरी.

आता प्रश्न असा, की १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाकाठी ऊर्जा लागते किती? येथे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडते. त्याने १९३२ मध्ये दाखवले, की प्राण्याच्या शरीराची विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती वजनाच्या सुमारे पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. पशुवैद्य आजही याच नियमावर आधारलेले सूत्र वापरतात : वजनाचा (किलोग्रॅममध्ये) पाऊण घात काढा आणि त्याला ७० ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत एका दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी.

पाऊण घात या शब्दाने बिचकू नका. वजनाचा घन करा आणि लागोपाठ दोनदा वर्गमूळ काढा, झाले. १२ चा घन १७२८. त्याचे वर्गमूळ सुमारे ४१.६. त्याचे पुन्हा वर्गमूळ सुमारे ६.४५. याला ७० ने गुणले की सुमारे ४५० येतात. नसबंदी केलेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याच्या साधारण १.६ पट धरतात. म्हणजे मोत्याची गरज सुमारे ७२० किलोकॅलरी झाली. प्रत्येक कुत्र्यागणिक हा आकडा थोडा कमीजास्त होतो. पण अंदाजासाठी पुरेसा आहे.

७२० पैकी ६१० तर वाडग्यापर्यंत पोचण्याआधीच पोटात जात होत्या! मोत्या नखरेल नव्हता, मोत्या पोटभर जेवलेला होता. आपण ‘एकच तर बिस्किट’ म्हणतो. पण दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाने जवळजवळ तीन बिस्किटे खावीत, तसे ते त्याला पडते.

शेजाऱ्यांचे म्हणणेही पूर्ण खरे नव्हते. कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा. पण हजारो वर्षे तो माणसाच्या संगतीत राहिला आहे. २०१३ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यामध्ये लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. शिजवलेला भात वा पोळी तो पचवू शकतो. मात्र नुसत्या भात-पोळीवर त्याचे भागत नाही; प्रथिने लागतातच.

कोण कोणाला शिकवत होते?

हिशेबाने अर्धे कोडे सुटले. उरलेले अर्धे सवयीचे होते. मोत्याने मान फिरवली की कधी तूप मिळे, कधी अंडे, कधी काहीच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की ज्या कृतीला दर वेळी नव्हे, तर अधूनमधून, अनपेक्षितपणे बक्षीस मिळते, ती कृती सर्वांत चिवट होऊन बसते. आम्ही नेमके हेच करत होतो. न जेवण्याबद्दल मोत्याला बक्षीस देत होतो. आम्हाला वाटे आपण मोत्याला शिकवतो आहोत. खरे तर तोच आम्हाला तूप वाढायला शिकवत होता.

मग नियमित वेळेने काय साधते? रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह याचे नाव तुम्ही ऐकले असेल. घंटा आणि कुत्र्याची लाळ एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. पण त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. कुत्र्याने खाल्लेले अन्न जठरात पोचण्यापूर्वीच बाहेर निघेल अशी व्यवस्था करूनही, नुसत्या खाण्याच्या क्रियेने जठररस पाझरू लागतो, हे त्याने दाखवले. म्हणजे पोटाला आगाऊ वर्दी मिळते. तीच वेळ, तीच जागा, तोच वाडग्याचा आवाज असला, की शरीर जेवणाच्या तयारीला लागते. दिवसभर तुकडे मिळत राहिले, तर तयारी करावी तरी केव्हा?

आमचा प्रयोग

प्रयोगापूर्वी आम्ही पशुवैद्यांकडून मोत्याचे दात, हिरड्या आणि पोटातील जंत तपासून घेतले, आणि आहारही ठरवून घेतला. ही पायरी कधीही गाळू नये. कारण दुखऱ्या दाताचा कुत्राही वाडगे हुंगून मान फिरवतो. मग नियम केले ते असे :

सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ अशा दोनच वेळा. अन्न काट्यावर तोलून द्यायचे. वाडगे २० मिनिटे ठेवायचे. मग काही न बोलता, न रागावता, न चुचकारता उचलायचे. मध्ये काहीही द्यायचे नाही. पाणी मात्र सदैव भरलेले. जेवणापूर्वी एक फेरफटका.

एक युक्ती भौतिकशास्त्रातली. फ्रिजमधले अन्न सुमारे ४ अंश सेल्सिअसला असते. थंड अन्नातून वासाचे रेणू फार कमी प्रमाणात हवेत सुटतात. तेच अन्न कोमट केले की बाष्पीभवन वाढते आणि वास दरवळतो. माणसाच्या जिभेवर सुमारे ९००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १७००. नाकाच्या बाबतीत मात्र उलट : आपल्याकडे गंधपेशी ५०-६० लाख, तर त्याच्याकडे २० कोटींच्या घरात. तेव्हा कुत्र्याला चव लावायची ती जिभेपेक्षा नाकाने. अन्न कोमटच हवे, गरम नको. बोट घालून पाहावे.

पहिल्या सकाळी मोत्याने नेहमीप्रमाणे मान फिरवली. आई कळवळली. “अरे, मुकं जनावर ते, उपाशी काय ठेवतोस?” संध्याकाळी त्याने पाव हिस्सा खाल्ला. दुसऱ्या दिवशी अर्धे. तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्य! कारण वहीत सापडले : ‘दुपारी ४ बिस्किटे.’ अक्षर आईचे होते. तिने लपवले नाही, लिहून ठेवले; म्हणूनच ते निरीक्षण कामी आले. पाचव्या दिवशी मोत्याने पाच मिनिटांत वाडगे चाटून लख्ख केले. त्यानंतर आईला बिस्किट देण्याची मुभा मिळाली; पण दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाच्या आत, आणि तेही जेवणानंतर.

खरा फायदा पुढे कळला

ऑगस्ट २०२३ मधील गोष्ट. एका सकाळी मोत्याने वाडग्याकडे पाहिलेदेखील नाही. संध्याकाळीही तेच. वही पाहिली, बाहेरचे काहीही दिलेले नव्हते. पाच महिन्यांत असे एकदाही घडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्याला दवाखान्यात नेले. अंगात ताप, हिरड्या फिकट, रक्ततपासणीत रक्तबिंबिका घटलेल्या. निदान झाले गोचीडतापाचे. तपकिरी गोचीड चावल्याने एक प्रकारचे जिवाणू रक्तात शिरतात आणि हा आजार होतो. दुर्लक्ष झाले तर तो जीवावर बेततो. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या औषधाने बहुधा बरा होतो. मोत्याला २८ दिवस औषध चालले आणि तो बरा झाला.

विचार करा. हेच वर्षभरापूर्वी घडले असते तर? वाडगे तसेच राहिले असते आणि मी म्हणालो असतो, “नखरे, दुसरे काय!” प्रयोगशाळेत स्क्रू गेज हाती घेतल्यावर आपण आधी शून्यांक त्रुटी पाहतो. ज्याचे शून्य रोज वेगळे, त्या उपकरणाच्या वाचनाला अर्थ नसतो. कुत्र्याला बोलता येत नाही. त्याची भूक हेच त्याच्या प्रकृतीचे मोजमाप. जेवण नियमित असेल तरच ते मोजमाप वाचता येते.

हे लक्षात ठेवा

वाडगे उचलण्याची पद्धत निरोगी, प्रौढ कुत्र्यासाठीच आहे. लहान पिल्ले, म्हातारे किंवा आजारी कुत्रे यांना उपाशी ठेवू नये. नेहमी जेवणारा कुत्रा २४ तास काहीच खात नसेल, किंवा उलट्या, ताप, सुस्ती दिसत असेल, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. मन वळवण्यासाठीही चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण कधीही देऊ नका. ते कुत्र्याला विषारी ठरतात. आमची ती शेवही चूकच होती.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर आठवडाभर वही ठेवून पाहा. सूत्राने त्याची गरज काढा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. शिक्षकांनाही सुचवावेसे वाटते, की घातांकाच्या धड्यासाठी हे उदाहरण वर्गात घ्यावे. आमच्या स्वयंपाकघरातली वही अजून टांगलेली आहे. आता तिच्यात बहुतेक दिवशी एकच शब्द असतो : ‘संपवले.’