बिनजाळाची शेगडी

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी भाजीला फोडणी पडली नाही, तर डोंबिवलीच्या नोकरी करणाऱ्या बाईची लोकल चुकलीच म्हणून समजा. त्यामुळं स्वयंपाकघरात नवे प्रयोग करायला मी जरा भितेच. मे 2022 मध्ये सिलिंडर हजार रुपयांच्या वर गेला, तेव्हा ह्यांनी मोठ्या उत्साहानं इंडक्शनची शेगडी आणली. आणि दोनच दिवसांत मी ती माळ्यावर टाकली. घरातलं एक भांडं तिच्यावर चालेल तर शपथ! ती माळ्यावरून खाली आली, ती सासूबाईंमुळं.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. दुपारी साडेतीनला त्यांना चहा लागतो, आणि तोही स्वतःच्या हातचा. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तो दारातच गॅसचा वास. चहा उतू जाऊन जाळ विझला होता, बटण मात्र चालूच. सासूबाई बाहेरच्या खोलीत डुलकी घेत होत्या. खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात न लावता सिलिंडर बंद केला, त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं आणि मग माझे पाय लटपटायला लागले.

रात्री ह्यांनी फर्मान काढलं, "आई, उद्यापासून तू गॅसला हात लावायचा नाहीस. चहा थर्मासमध्ये भरून ठेवू." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तो थर्मास जसाच्या तसा भरलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. पन्नास वर्षं ज्या ओट्याशी उभं राहिलं, तिथून कुणी 'आता बाजूला हो' म्हटलं की काय वाटतं, हे पुरुषांना सांगून कळत नाही हो!

म्हणून शेगडी पुन्हा काढली, आणि या वेळी तिचं नीट समजून घेतलं. हिच्यात जाळ नाही आणि लालबुंद होणारी तारही नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून फार वेगानं दिशा बदलणारी वीज वाहते, तिच्या चुंबकीय प्रभावानं भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरू लागतात, आणि तापतं ते भांडंच. तत्त्व काही आजचं नाही. फॅरडेनं ते 1831 सालीच दाखवलं होतं. पण यात मेख अशी, की भांड्याचं बूड चुंबकाला धरणारं आणि सपाट हवं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ बाद. स्टीलचंही प्रत्येक भांडं चालत नाही.

फ्रिजवरचा चुंबक घेऊन मी आणि सासूबाईंनी फळीवरचं एकेक भांडं तपासलं. त्यांची पितळेची पातेली गेली, माझा जुना कुकर गेला, लग्नातली स्टीलची पातेली निम्म्याहून जास्त गेली. सासूबाईंना त्या खेळात इतकी गंमत वाटली, की शेवटी त्या देवघरातली पळीसुद्धा घेऊन आल्या! चहासाठी एक पातेलं मात्र नवं आणावं लागलं.

आता प्लगचं. आमची इमारत चाळीस वर्षांची. ओट्यापाशी मिक्सरपुरता सहा अँपिअरचा प्लग. त्याच्यावर फार तर तेराशे-चौदाशे वॉट निघतात, आणि शेगडी दोन हजारांची. सोळा अँपिअरचा प्लग, जाड वायर आणि नीट अर्थिंग करून घेतल्यावरच ती लावली. एक्स्टेन्शन बोर्डावर ही शेगडी कधीही लावू नका.

बिलाची धास्ती सगळ्यांनाच असते. हजार वॉटवर तासभर चालली तर एक युनिट. माझ्या ढोबळ हिशेबानं 14.2 किलोच्या सिलिंडरइतकं काम करायला हिला शंभर ते सव्वाशे युनिट लागतील. महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिटांनंतर दर चढतो. तेव्हा तुमचं बिल आधीच अडीचशेच्या घरात असेल, तर सगळा स्वयंपाक हिच्यावर टाकण्याआधी हिशेब करा. दोन कप चहाला मात्र युनिटाचा दहावा हिस्साही लागत नाही.

भरताचं वांगं, पापड, फुलका यांना जाळच हवा. भाकरी मला तरी जमली नाही. मध्ये करपते, कडा कच्च्या. फोडणी मंद आचेवरच घाला, तेल कधी तापतं ते कळतसुद्धा नाही. दूध मात्र झकास! फुगून वर आलं की आच कमी करायची, तत्क्षणी खाली बसतं. काम झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये, आणि शेगडीखाली वर्तमानपत्र घालू नये, हवेची वाट बंद होते. झुरळांनाही तिची ऊब फार आवडते, म्हणून रात्री पुसून, झाकून ठेवायची. काचेला तडा गेला तर वापर बंद. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा; साधारणपणे दोन फूट दूर राहायला सांगतात.

शेगडीवरची अक्षरं इंग्रजी आणि बारीक. मी चालू करायच्या जागी नेलपॉलिशचा कुंकवाएवढा ठिपका लावला, आणि टायमरच्या जागी दुसरा. सहा मिनिटं लावली की ती आपोआप बंद. विसरून सासूबाईंचा डोळा लागलाच, तर चहा फार तर आटेल किंवा उतू जाईल; वास कोंडायची भीती नाही. आठवडाभर मी शेजारी उभी राहून पाहिलं, मग ह्यांना सांगून टाकलं, की आईंचा चहा आईच करतील. गॅसचं सिलिंडरचं बटण मी सकाळी निघताना बंद करून जाते.

"जाळाशिवायच्या चहाला कसली गं चव!" असं सासूबाई अजूनही म्हणतात. परवा लवकर घरी आले, तर शेजारच्या काकूंना ठिपके दाखवून शेगडी कशी लावायची ते शिकवत होत्या. थर्मास माळ्यावर गेलाय.