दर आठवड्याला नवं नाटक

30 नोव्हेंबर 1958, रविवारची रात्र. मँचेस्टरच्या डिड्सबरी स्टुडिओत ‘आर्मचेअर थिएटर’ या टीव्ही नाट्यमालिकेतलं नाटक चालू होतं आणि त्याच क्षणी ते लोकांच्या घरात दिसत होतं. नाव ‘अंडरग्राउंड’, लंडनच्या भुयारी रेल्वेत अडकलेल्या माणसांची गोष्ट. गॅरेथ जोन्स हा तेहतीस वर्षांचा नट दोन प्रवेशांच्या मधे कोसळला आणि गेला. त्याच्या पात्रालाही नाटकात हृदयविकाराचा झटका यायचा होता. प्रक्षेपण काही थांबलं नाही. दिग्दर्शक टेड कॉचेफ आणि बाकीच्या नटांनी त्याचं पात्र वगळून, वाक्यं जुळवून घेत खेळ शेवटाला नेला. (पुढे ‘रॅम्बो’चा पहिला सिनेमा याच कॉचेफनं केला.)

पन्नाशीच्या दशकातलं ब्रिटिश टीव्हीनाटक असं चालायचं. एकाच स्टुडिओत तीन-चार ठिकाणी घरं, कचेऱ्या उभ्या करायच्या. जमिनीवर केबलींचं जाळं. एका कोपऱ्यात संवाद संपला की नटानं वाकून, आवाज न करता दुसऱ्या कोपऱ्यात पळायचं आणि तिथं निवांत बसलेलं दिसायचं. पुन्हा घेण्याची सोय नाही. बीबीसीनं 1954 साली ऑर्वेलच्या ‘1984’चं नाटक रविवारी केलं आणि लगेचच्या गुरुवारी पुन्हा दाखवलं, तेव्हा सगळी मंडळी परत उभी राहून अख्खं नाटक नव्यानं खेळली.

सिडनी न्यूमन हा कॅनडाचा माणूस 1958 साली ‘आर्मचेअर थिएटर’वर आला आणि दिवाणखान्यातल्या उच्चभ्रू गप्पांऐवजी कामगार-कारकुनांच्या गोष्टी मागू लागला. नंतर तो बीबीसीत गेला. तिथं ‘डॉक्टर हू’ सुरू करण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि 1964 साली ‘द वेन्सडे प्ले’ आलं. दर आठवड्याला नवा लेखक, नवी पात्रं.

त्यातलं ‘कॅथी कम होम’ 16 नोव्हेंबर 1966 रोजी लागलं. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच. सोळा मिलिमीटरचा हलका कॅमेरा स्टुडिओबाहेर, रस्त्यावर काढला होता. नवऱ्याला अपघात होतो, काम सुटतं, घर जातं. बिऱ्हाड कॅराव्हॅनमध्ये, मग निराधारांच्या वसतिगृहात. शेवटी रेल्वे स्थानकावर सरकारी माणसं कॅथीच्या कडेवरून पोरं ओढून नेतात. सुमारे 1 कोटी 20 लाख लोकांनी ते पाहिलं. दिवाळीच्या सुमारास आमच्या परतूर-घनसावंगी भागातून ऊसतोडीला कोयते निघतात, ट्रॉलीत भांडीकुंडी आणि त्यावर पोरं. ते पाहिलेल्या माणसाला कॅथी परकी वाटत नाही. मला तरी ब्रिटिश टीव्हीतलं याहून मोठं काही ठाऊक नाही.

1970 साली ‘द वेन्सडे प्ले’चं ‘प्ले फॉर टुडे’ झालं. माइक ली, डेनिस पॉटर असे लेखक त्यात होते. बीबीसीनं पॉटरचं एक नाटक 1976 साली तयार असूनही दाखवलं नाही. आणि त्या काळातली कितीतरी नाटकं आज नाहीतच. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घ्यायचे. बॉब डिलननं काम केलेलं 1963 सालचं नाटकही आज उरलेलं नाही.

या जगाचा वारा मराठीला लागला होता. पु. ल. देशपांडे बीबीसीत प्रशिक्षणाला गेले होते. ‘अपूर्वाई’ त्याच प्रवासातली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. विनायक चासकरांचा ‘गजरा’, चिं. वि. जोशींच्या कथांवरचं ‘चिमणराव’, त्यात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. पण हे सगळं मुंबई-पुण्याचं. आमच्या आष्टीला तेव्हा जत्रेतला वग आणि शाळेतलं गॅदरिंग.

खेड्यांकडे टीव्ही सरकला तो 1984 च्या आसपास, जेव्हा देशभर धडाधड प्रक्षेपक बसले. गंमत अशी की त्याच वर्षी, जुलैत, दिल्लीहून ‘हम लोग’ सुरू झालं आणि ऑगस्टात तिकडे ‘प्ले फॉर टुडे’ बंद पडलं. आपल्या वाट्याला पहिल्यापासून मालिकाच आली. ती का टिकते हे उघड आहे: तेच सेट, तेच नट, जाहिरातदाराला खात्री. दर आठवड्याला नवं नाटक म्हणजे दर आठवड्याला पाटी कोरी, आणि एखादं पडेलच ही धास्ती.

तरी मधल्या काळात श्याम बेनेगलांचं ‘कथासागर’ आलं, टॉलस्टॉय-चेखॉव्हच्या कथा हिंदीत. पुढे अल्फा मराठीवर मराठी साहित्यकृतींचं ‘पिंपळपान’. ‘कथासागर’च्या दिवसांत पोरगं माळवदावर अँटेना फिरवायचं, खालून ओरड, “अजून मुंग्याच हायेत!” लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. आणि पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्या हटकून विचारायच्या, “त्या मागल्या बाईचं काय झालं मंग?” तिचं काहीच व्हायचं नव्हतं, तिची गोष्ट संपली होती, पण हे त्यांना पटवता पटवता नवी गोष्ट अर्धी होऊन जायची.