व्यायाम केला म्हणून किती खायचं?

‘सकाळी पाऊण तास चालले, घड्याळाने दोनशे कॅलरी दाखवल्या, म्हणजे दुपारी तेवढं जास्त खाल्लं तरी चालेल.’ वजन कमी करायला निघालेल्या अनेकांचा हिशेब इथेच फसतो.

वय ४०, वजन ७० किलो, उंची १५५ सेंटिमीटर अशी एक बाई उदाहरणादाखल घेऊ. ताशी ५ किलोमीटर वेगाने ४५ मिनिटं चालताना तिच्या शरीराचा एकूण खर्च साधारण १८५ कॅलरी होतो. पण तेवढा वेळ ती घरी बसून राहिली असती तरी त्यातल्या पन्नासेक खर्च झाल्याच असत्या. चालण्याची निव्वळ कमाई १३०च्या आसपास. घड्याळावर तर फारशी भिस्त ठेवूच नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

याहून महागात पडते ती चूक म्हणजे एकच व्यायाम दोनदा मोजणं. रोजचा आकडा काढायला १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जेओर सूत्र चांगलं आहे. किलोतल्या वजनाला १०ने आणि सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ने गुणून बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट वजा करायची. मग पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. आपल्या उदाहरणात विश्रांतीचा खर्च १३०८ येतो. दिवस बैठा असेल तर त्याला १.२ने गुणायचं, म्हणजे सुमारे १५७०. हलका व्यायाम नियमित असेल तर १.३७५ने, म्हणजे सुमारे १८००. या १८००मध्ये चालणं आधीच धरलेलं आहे! त्यातून ४०० वजा करून १४०० ठरवले आणि ‘आज चालले’ म्हणून पुन्हा २०० खाल्ले, तर तूट निम्मीच उरते. म्हणून एक तर १.३७५ धरून व्यायामाचा आकडा विसरायचा, किंवा १.२ धरून निव्वळ कमाई तेवढीच मिळवायची. मला पहिली रीत बरी वाटते. जेवणाच्या ताटावर बसून रोज बेरजा कराव्या लागत नाहीत.

गैरसमज : जितकं कमी खाऊ तितकं बरं, १२०० कॅलरी सगळ्यांना चालतात.

३० वर्षांच्या, ८० किलोच्या, १७५ सेंटिमीटर उंच पुरुषाचा नुसत्या विश्रांतीचा खर्चच १७५०च्या घरात असतो. त्याने १२००वर राहून वर व्यायाम करणं म्हणजे शरीराचे हाल. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने साधारण १६०० कॅलरींवर ठेवलं होतं. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं. वजन पावपट घटलं खरं, पण ताकद गेली, सतत थंडी वाजू लागली, मनात दिवसभर अन्नाचेच विचार. निरोगी माणसासाठी ३०० ते ५०० कॅलरींची तूट पुरते. जोडीला प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम हवा, म्हणजे चरबीबरोबर स्नायू कमी झिजतात.

गैरसमज : एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, रोज ५०० वाचवल्या की वर्षात २४ किलो उतरणार.

तसं होत नाही. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. वरच्या बाईंचं वजन ६० किलो झालं की त्याच सूत्राने दिवसाचा खर्च १३७ने कमी येतो. दर चार-पाच किलोंनंतर आकडा नव्याने काढावा.

आणि ‘मी तर काहीच खात नाही’? असं प्रामाणिकपणे मानणाऱ्या काही लठ्ठ व्यक्तींची १९९२ मध्ये अमेरिकेत तपासणी झाली. खाल्लेल्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे हे निसटतं ते फोडणीत. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी, पाऊण तासाच्या चालण्याइतक्या. दाण्याचं कूट आणि चहातली साखर वेगळीच.

सूत्राचा आकडा शेवटी अंदाजच आहे. सुरुवातीला उतरतं त्यात पाणी बरंच असतं, तर नव्या व्यायामाने स्नायूंत पाणी धरून काटा हलत नाही असंही होतं. तीन-चार आठवडे सकाळचं वजन नोंदवून आठवड्याची सरासरी पाहा; ती जागची हलली नाही तर रोजच्या १०० कॅलरी कमी करा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर मात्र खाणं कमी आणि व्यायाम जास्त केल्याने साखर एकदम उतरू शकते, म्हणून सुरुवातीआधीच डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही वजाबाकी स्वतःहून करू नये.